पिवळी पट्टी

सरकार बदललं की आमच्या खात्यात सगळ्यात आधी खुर्ची बदलते. धोरण वगैरे मागाहून. नव्या मंत्रीबाई आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या मंत्र्यांची गुबगुबीत फिरती खुर्ची चार माणसं जिन्यावरून खाली उतरवत होती, आणि खालून तिच्या जागी एक साधी लाकडी खुर्ची वर येत होती. वळणावर दोघींची गाठ पडली आणि कोणीच मागे हटेना. आम्ही कठड्याला टेकून मजा बघत होतो. चोवीस वर्षांत मी अशा सहा खुर्च्या पाहिल्या. सुरुवातीला सगळ्याच लाकडी असतात.

मी पर्यावरण खात्याच्या मसुदा कक्षातली मुख्य लेखनिक. सरकारला जे म्हणायचं असतं ते कागदावर कसं म्हणायचं, हे बघणारी. निवृत्तीला आठ महिने उरले होते. खात्यात मला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून मोठेसुद्धा, आणि पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

हे सरकार हवामानबदलाच्या नावावर निवडून आलं होतं. लागोपाठ तीन उन्हाळे असे गेले होते की लोकांना आता समजावून सांगायची गरज उरली नव्हती. 'शंभर दिवसांत नवं हवामान धोरण,' असं मंत्रीबाईंनी प्रचारात सांगितलं होतं. निवडून आल्यावर माणसं असलं सोयीस्कर विसरतात. या विसरल्या नाहीत, त्यामुळे आमच्या नाकी नऊ आले. त्यांचा एक सल्लागार होता, तिशीतला, हुशार, चालताचालताही लॅपटॉप उघडा ठेवणारा. तो चौथ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन बसला.

"ताई, नव्या धोरणाच्या आधी एक श्वेतपत्रिका काढायचीय," तो म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वी आपलं पहिलं हवामान धोरण झालं. तेव्हापासून कोणी कुठे माती खाल्ली, ते सगळं नावानिशी लिहायचं."

"बरं."

"हे बघा. समितीचा मसुदा." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "'कोळशावर चालणारं प्रत्येक वीजकेंद्र सरकार वीस वर्षांच्या आत बंद करील, आणि त्याआधी तिथल्या प्रत्येक कामगाराला दुसरं काम देईल.' कसलं वाक्य आहे! आणि छापून काय आलं? 'कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांचा वापर, शक्य असेल तिथे, टप्प्याटप्प्याने कमी करण्यात येईल.' बास. त्यानंतरच्या चार सरकारांनी हेच वाक्य पुढे ढकललं. एक केंद्र बंद झालं नाही."

मी मान हलवली. ते वाक्य मला पाठ होतं.

"मधल्या अकरा दिवसांत फाइल एकाच माणसाच्या ताब्यात होती. नोंदवहीत सही आहे," तो म्हणाला. "हा गृहस्थ कोळसावाल्यांना सामील असणार. त्याचं नाव पहिल्याच पानावर घालू."

मी सही बघितली. ल ला मोठं वेटोळं घालायची ती सवय मी कुठेही ओळखली असती. ती टाचणीसाहेबांची सही होती.

मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या. मूळ फाइल शोधते." तो आनंदानं उठून गेला. त्याला वाटलं, म्हातारी कामाला लागली.

टाचणीसाहेब हे नाव आम्हीच पाडलेलं. त्यांना स्टेपलरचा भयंकर राग. "स्टेपल केलेल्या कागदाला मत बदलता येत नाही," म्हणायचे. त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या काठावर ओळीनं टाचण्या टोचलेल्या असायच्या आणि घरी काकू रोज त्या मोजून काढून ठेवायच्या, धुण्यात जायला नकोत म्हणून. मी तेहतीस वर्षांची असताना त्यांच्या हाताखाली हंगामी टंकलेखक म्हणून लागले. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता, मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती, आणि मला टंकलेखनाशिवाय काही येत नव्हतं. त्या खोलीत मी त्यांच्याबरोबर जेमतेम दोन वर्षं काढली. पुढे माझी बावीस वर्षं नोकरी झाली, बढत्या मिळाल्या, पण 'ऑफिस' म्हटलं की मला अजून तीच दोन वर्षं आठवतात.

तिसऱ्या मजल्यावरची लांबोडकी खोली. सहा टेबलं, चार टंकयंत्रं, एक खिडकी कायमची अडकलेली. दुपारी ऊन सरकत सरकत माझ्या टेबलावर यायचं तेव्हा साहेब उठून फाइल माझ्या बाजूला आणायचे, कारण त्यांना उजेडात वाचायला आवडायचं. वाक्य तयार झालं की ते उभं राहून मोठ्यानं वाचायला लावायचे. "बसून वाचलं की सगळंच पटतं," असा त्यांचा सिद्धांत. पहिल्याच आठवड्यात मी 'उपाययोजना करण्यात येईल' असं टाइप केलं तर म्हणाले, "उभी राहा. वाच. आता मला सांग, कोण करणार?" मी म्हटलं, "सरकार, साहेब." "मग सरकारला लाज वाटते का स्वतःचं नाव सांगायला? 'करण्यात येईल' म्हणजे कोणी करणार नाही, हे लक्षात ठेव." आमच्या खोलीत ते दोन शब्द निघाले की सगळे एका सुरात ओरडायचे, "कोण करणार?" शेजारच्या खोलीतले आम्हाला वेडे समजत.

त्या समितीच्या मसुद्यातलं वीजकेंद्राचं वाक्य साहेबांनी लिहिलं होतं. त्यासाठी ते मला घेऊन एका वीजकेंद्रावर गेले होते. राख उपसणाऱ्या एका कामगारानं त्यांना विचारलं, "साहेब, तुम्ही हे बंद करणार म्हणता. मग मी सकाळी उठून जाऊ कुठे?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वाक्याला शेपूट जोडलं, 'त्याआधी तिथल्या प्रत्येक कामगाराला दुसरं काम देईल.' ते मी उभी राहून वाचलं तेव्हा खोलीत कोणी ओरडलं नाही. मला इतका अभिमान वाटला होता, जणू मीच लिहिलं.

आता पट्ट्यांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं.

तेव्हा कॉम्प्युटर आमच्या मजल्यावर पोचला नव्हता. मसुद्यात बदल करायचा तर अख्खं पान पुन्हा टाइप करण्याऐवजी तेवढी ओळ वेगळ्या कागदावर टाइप करायची, पट्टी कापायची आणि जुन्या ओळीवर टाचणीनं लावायची. पांढरी पट्टी म्हणजे बदल मान्य, शेवटी ती डिंकानं चिकटवायची. पिवळी पट्टी म्हणजे कोणीतरी सुचवलंय, फक्त विचारार्थ. मंत्रिमंडळाकडे प्रत जाण्याआधी काढून टाकायची. ही पद्धत साहेबांची. तिच्यामुळे कुठल्याही खात्याचा माणूस येऊन भांडला तरी साहेब शांतपणे त्याचं म्हणणं पिवळ्या पट्टीवर टाइप करून लावायचे. माणूस खूश होऊन जायचा, आणि पट्टी आठवड्यानं कचऱ्यात जायची.

'शक्य असेल तिथे' हे आख्खं वाक्य ऊर्जा खात्यानं आपल्या वाक्याऐवजी सुचवलेलं होतं. ते पिवळ्या पट्टीवर लागलं आणि समितीनं फेटाळलं. मग शेवटच्या दिवशी काकूंचं ऑपरेशन अचानक ठरलं आणि साहेब फाइल माझ्या हातात देऊन पळतच दवाखान्यात गेले. "पट्ट्यांचं तेवढं बघ," एवढंच म्हणाले. मला पद्धत माहीत होती. सांगायची गरजच नव्हती.

खाली नवं झेरॉक्सचं मशीन आलं होतं. ते चालवणारा म्हणाला, "बाई, टाचण्या आत गेल्या तर काचेवर ओरखडे पडतील. आधी सगळ्या काढा." वरून निरोपावर निरोप येत होते, प्रती आत्ता हव्यात, मंत्री निघालेत. मी तिथेच जमिनीवर बसून टाचण्या काढायला लागले. तेवीस पट्ट्या. खात्यातला पांढरा कागद जुन्या साठ्यातला होता, इतकी वर्षं कपाटात पडून तोही पिवळसर झालेला. मी एकेक टाचणी काढत गेले आणि पट्टी सुटून हरवायला नको म्हणून लगेच चिकटवत गेले. तेवीसच्या तेवीस. माझ्या नीटनेटकेपणाचं मला कौतुकही वाटलं. झेरॉक्समध्ये पांढरं काय आणि पिवळं काय, सगळं सारखंच.

तीन आठवड्यांनी छापील धोरण आलं. मी ते वाक्य वाचलं आणि मला माझी डिंकाची बोटं आठवली. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि मी मूग गिळून बसले. पुढच्याच महिन्यात माझं कायम होण्याचं प्रकरण निघायचं होतं. मी स्वतःला सांगितलं, साहेब बघतील, त्यांना सगळं येतं. दोन महिन्यांनी साहेबांची बदली झाली, मुद्रण आणि लेखनसामग्री खात्यात, जिथे बदली झालेला माणूस परत वर येत नाही. ऊर्जा खात्यानं त्यांचा काटा काढला, असं सगळे म्हणाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला टाचण्यांची डबी दिली. मी ती घेतली. बोलले काहीच नाही.

हे सगळं मी आता इतकं सरळ सांगतेय, पण बावीस वर्षं मी ते स्वतःलाही सरळ सांगितलं नव्हतं.

रेकॉर्ड रूम तळघरात आहे. तिथल्या कारकुनाला वाटलं मी निवृत्तीच्या आधी जुन्या आठवणी चाळायला आलेय. तो आपणहून शिडी धरून उभा राहिला. फाइल तिसऱ्या फडताळावर मिळाली, दोरीची गाठ कोणी सोडलेली नव्हती. सतरावं पान. पट्टी अजून घट्ट चिकटलेली. बाकीचा कागद आता तपकिरी झाला होता आणि ती मात्र हळदीसारखी पिवळीधमक उठून दिसत होती. मी पान झरोक्यासमोर धरलं. पट्टीच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेली अक्षरं उलटी दिसली. 'विचारार्थ.' आणि खाली ते वेटोळं.

मी तिथेच शिडीच्या पायरीवर बसून रडले. कारकून बिचारा पाणी आणायला धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल घेऊन मंत्रीबाईंच्या खोलीत गेले. लाकडी खुर्चीवर त्या ताठ बसल्या होत्या, सल्लागार बाजूला. मी पान उघडून पुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. पट्ट्या, टाचण्या, डिंक. माझं कायम होणंही सांगितलं. सल्लागारानं पान स्वतःकडे ओढलं.

"म्हणजे बावीस वर्षं हा देश एका चिकटलेल्या कागदावर चालला?" तो म्हणाला.

"एका चिकटलेल्या कागदावर नाही," मंत्रीबाई म्हणाल्या. "चार सरकारांना तो कागद आवडला, म्हणून. आयतं मिळालं. यांनी चिकटवला, पण पुढे कोणी खरवडून बघितला का?" मग माझ्याकडे वळल्या. "ताई, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये. चूक तुमचीच आहे."

"हो," मी म्हटलं.

"त्या गृहस्थांचं नाव श्वेतपत्रिकेतून काढा," त्यांनी सल्लागाराला सांगितलं. "आणि मूळ वाक्य नव्या धोरणात जसंच्या तसं घाला."

मला वाटलं, सुटले. इतकी वर्षं छातीवर होता तो दगड उतरला. पण सल्लागार वाक्य पुन्हा वाचत होता.

"बाई, जसंच्या तसं घालता येणार नाही," तो म्हणाला. "'वीस वर्षांच्या आत' लिहिलंय. ती वीस वर्षं दोन वर्षांपूर्वीच संपली."

मी ते वाक्य हजारदा मनात म्हटलं असेल, पण त्यातली वर्षं मी कधी मोजली नव्हती. माझ्या मनात ते अजून त्या खोलीतच, त्या उन्हातच होतं.

"मग आता किती लिहायची?" मंत्रीबाई स्वतःशीच म्हणाल्या. सल्लागार म्हणाला पंधरा, तज्ज्ञ पंधराच म्हणतात. त्या म्हणाल्या, "उद्या ठरवू. यातलं सगळ्यात जुनं केंद्र माझ्याच मतदारसंघात आहे, मला जरा विचार करू द्या." मग मी निघताना म्हणाल्या, "ते गृहस्थ आहेत ना अजून? त्यांना विचारून या."

साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहतात. काकू गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हा मी भेटून आले होते, पण पाच मिनिटं, चपला न काढता. या वेळी दार त्यांनीच उघडलं. शहात्तर वर्षांचे, वाकलेले, पण शर्टाच्या खिशावर टाचण्या होत्याच.

"अगं तू! ये, ये. सरकार बदललं म्हणून आठवण झाली होय? नवा गडी, नवं राज्य. काय म्हणतात तुमच्या नव्या बाई? बसतात कशावर?"

"लाकडी खुर्चीवर, साहेब."

"मग अजून वेळ आहे. करून घ्या काय ते." ते हसले आणि चहा टाकायला आत जायला निघाले. मी त्यांना बसवलं. आणखी एक मिनिट गेलं असतं तर मी चहा पिऊन परत आले असते, हे मला ठाऊक होतं.

मी सांगितलं. फाइल आणता येत नव्हती, पण त्या पानाची रंगीत प्रत काढून आणली होती. ती त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, प्रत डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"ही पिवळी आहे," ते म्हणाले.

"हो साहेब."

"पिवळीच होती?"

"पिवळीच होती. मागे तुमच्या हातानं विचारार्थ लिहिलंय."

त्यांनी प्रत पुन्हा उजेडाकडे धरली. मला वाटलं, आता ते मला माफ करतील, कारण आठवणीतले टाचणीसाहेब नेहमी माफ करायचे.

"त्या आठवड्यात पिवळा कागद संपत आला होता," ते सावकाश म्हणाले. "शेवटचा तुकडा होता. छापील धोरण बघितलं आणि मला वाटलं, मी घाईत पिवळा समजून जुना पांढराच कापला. तो पण पिवळट झालेला ना. बायकोच्या ऑपरेशनचं डोक्यात होतं. मला खात्रीच झाली की चूक माझी."

"साहेब, तुमची बदली..."

"ती मी मागून घेतली. कोणी केली नाही. ज्याला पांढरं-पिवळं कळत नाही त्यानं मसुदे करू नयेत, असं मी सचिवांना सांगितलं." ते माझ्याकडे बघायला लागले. असं बघताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. "मंत्र्यांकडे गेलो होतो मी. म्हटलं, छपाईत चूक झालीय, शुद्धिपत्रक काढा. ते म्हणाले, मंत्रिमंडळानं मंजूर केलेली चूक कशी, फाइल उघडून दाखवा. आणि माझी छाती झाली नाही. मला वाटलं आत पांढरी पट्टी आहे, म्हणजे मीच मान्य केलेला बदल. उघडून काय दाखवणार? मी परत आलो. तू खोलीत होतीस तेव्हा. टाइप करत होतीस."

मला तो दिवस आठवला. ते आत आले होते, आणि मी मान वर केली नव्हती.

"मी तुमच्यावर ठपका येऊ दिला," मी म्हटलं. "तुमचं नाव—"

"नावाचं घेऊन बसलीयेस?" त्यांचा आवाज चढला. आतून लेक डोकावून गेली. "अगं, माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय? तू त्या दिवशी मान वर करून एवढंच म्हणाली असतीस, साहेब, ती पिवळी होती, मी चिकटवली. मी त्याच पावली परत गेलो असतो. फाइल त्यांच्या टेबलावर आपटली असती. पुराव्यासकट! अर्ध्या पानाचं शुद्धिपत्रक निघालं असतं. अर्ध्या पानाचं! बावीस वर्षं कशाला, तेवीस दिवसांत मिटलं असतं. तो राखेवाला... तो माणूस तेव्हा चाळिशीचा होता. त्याला दुसरं काम मिळालं असतं."

ते थांबले. त्यांना दम लागला होता. मी इतकी वर्षं समजत होते की माझ्यामुळे एका भल्या माणसाचं नाव खराब झालं. रात्री जाग आली की मी तेवढंच उगाळायचे, आणि ते मला पुरेसं मोठं पाप वाटायचं. ते सगळ्यात लहान होतं.

मी म्हटलं, "कायम व्हायचं होतं हो साहेब. घरात कोणीच कमावत नव्हतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. आवाज उतरला होता, पण माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. चहा शेवटी लेकीनं आणला आणि आम्ही तो प्यायलो. किती वर्षांनी मी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते.

मग मी मंत्रीबाईंचा निरोप सांगितला. मूळ वाक्य घालताहेत, पण वर्षं उलटून गेलीत. सल्लागार पंधरा म्हणतोय.

"उभी राहा," ते म्हणाले.

मी सत्तावन्न वर्षांची बाई, हातात कप, उभी राहिले.

"वाच."

"'कोळशावर चालणारं प्रत्येक वीजकेंद्र सरकार पंधरा वर्षांच्या आत बंद करील...'"

"कोण करणार?"

"सरकार, साहेब."

"कुठलं? पंधरा वर्षांनी ही बाई तिथे असणार आहे? तो पोरगा असणार आहे? तू नाही, मी तर नाहीच. आपणही वीस लिहिली होती. मला किती अभिमान होता त्या वाक्याचा. पण ज्या वर्षी जाब विचारायला समोर कोणी नसतं, ते वर्ष लिहायला फार सोपं असतं बघ. तिथे मीही चुकलोच." त्यांनी प्रत घडी घालून मला परत दिली. "पंधरा लिहा, हरकत नाही. पण त्याच्या आधी एक वर्ष असं लिहा की त्या वर्षी बाई त्याच लाकडी खुर्चीत असतील. एक केंद्र, नावानिशी. कामगार नावानिशी. सांग त्यांना."

दारापर्यंत ते सोडायला आले नाहीत. पूर्वी जिन्यापर्यंत यायचे.

मी दुसऱ्या दिवशी मंत्रीबाईंना शब्द न् शब्द सांगितला. सल्लागार म्हणाला, "चार वर्षांत? निवडणुकीच्या तोंडावर? आणि ते एक केंद्र कुठलं?" त्याला उत्तर माहीत होतं, म्हणूनच तो विचारत होता. बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली माणसं कामावरून सुटत होती.

"माझ्याकडच्या केंद्रात किती माणसं आहेत?" त्यांनी विचारलं.

"अकराशे चाळीस," मी म्हटलं. मी यादी काढूनच आणली होती.

"अकराशे चाळीस," त्या म्हणाल्या. "घरटी चार मतं धरली तर मी पडते." आणि मग टेबलापाशी येऊन त्यांनी माझ्या मसुद्यातल्या रिकाम्या जागी स्वतःच्या हातानं चार लिहिलं, आणि पुढे आपल्या मतदारसंघाचं नाव लिहिलं. हात जरासा थांबला होता. मी बघितलं.

श्वेतपत्रिकेत पहिल्या पानावर माझा कबुलीजबाब आहे, माझ्या नावासकट. सल्लागार म्हणाला, ताई कशाला, आठ महिन्यांसाठी चौकशी मागे लावून घेता. मी म्हटलं, राहू दे. चौकशी लागली आहे. घरी मुलगी दोन दिवस बोलली नाही, मग तिनंच माझ्यासाठी वकील शोधला. खात्यात ताई म्हणणारे थोडे कमी झालेत.

धोरण मंजूर झालं त्या दुपारी मी साहेबांना फोन लावला. बराच वेळ वाजला. त्यांनी उचलला आणि नमस्कार-चमत्कार काही न करता विचारलं, "किती?"

"चार, साहेब. बाईंच्या स्वतःच्या मतदारसंघातलं."

पलीकडे ते काहीतरी मोजत पुटपुटले.

"चार वर्षांनी मी ऐंशीचा," ते म्हणाले. "बघतो जमतंय का. तू येऊन घेऊन जाशील मला, ते बंद होताना बघायला?"

मला हो म्हणताच येईना. मी नुसती मान हलवत राहिले.

"अगं, फोनवर मान हलवून काय उपयोग," ते म्हणाले. "तोंडानं बोल."

"येईन, साहेब," मी म्हटलं.